खोट कोणाची?

न्यायशास्त्राच्या अगदी प्राथमिक पाठात धूर आणि अग्नी यांचे उदाहरण हटकून येते. डोंगरावर धूर दिसतो आहे, त्या अर्थी डोंगरावर अग्नी आहे. अग्नी डोळ्यांना दिसत नाही. पण जेथे धूर तेथे अग्नी हे आपण स्वयंपाकघरात अनेकदा पाहिलेले असते, आणि त्या जोरावर न दिसणाऱ्या गोष्टीविषयी आपण खात्रीने बोलतो. कॉलेजात तर्कशास्त्राच्या तासाला हे उदाहरण ऐकले तेव्हा त्याचा माझ्या पोटापाण्याशी काही संबंध येईल असे वाटण्याचे कारण नव्हते. पुढे वडिलांचे गॅरेज माझ्याकडे आले, आणि गेली पस्तीस वर्षे कोल्हापूरजवळ महामार्गाच्या कडेला मी ट्रकची डिझेल इंजिने दुरुस्त करतो आहे. या पस्तीस वर्षांत धूर पाहिल्यावाचून गेलेला कामाचा दिवस मला क्वचितच आठवतो.

त्याच शास्त्रात पुढे एक उलट प्रश्न विचारला जातो. धूर तेथे अग्नी हे ठीक. पण अग्नी तेथे धूर असे म्हणता येईल काय? तसे म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला सरपण ओले असावे लागते. या जादा अटीला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. डिझेल इंजिन हा माझ्या दृष्टीने असाच एक तापलेला लोखंडाचा गोळा आहे. त्यात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन वर येताना कोंडलेली हवा मूळच्या सतराव्या-अठराव्या हिश्श्याइतक्या जागेत दाबतो. त्या दाबाने हवा ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते, आणि तीत नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेटते. सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर आत सेकंदाला शंभर वेळा आग पेटते आणि विझते. इंजिन निरोगी असेल तर एवढ्या आगीचा मागमूसही सायलेन्सरच्या तोंडाशी दिसत नाही. म्हणून धूर पाहिल्यावर मी अग्नीचे अनुमान करीत नाही. अग्नी आहे हे ठाऊकच असते. मी अनुमान करतो ते ओलेपणाचे.

हे ओलेपण तीन रंगांत बोलते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर चोंदला असेल, नोझल फवारण्याऐवजी थेंब टाकीत असेल. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खाते आहे. रिंगा झिजल्या असतील, व्हॉल्व्हच्या गाइडमधून किंवा टर्बोच्या सीलमधून ऑइल उतरत असेल. पांढऱ्या धुराचे दोन अर्थ होतात आणि तेथे नवशिका फसतो. न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर डोळ्यांना झोंबतो आणि हवेत रेंगाळतो. पाण्याची वाफ असेल तर ती झोंबत नाही, लवकर विरून जाते. पहिल्यात आतला दाब कमी पडतो आहे, दुसऱ्यात पाणी जेथे जाऊ नये तेथे जाते आहे. रंग एकच, आजार वेगळे.

इथपर्यंतचा प्रश्न ज्ञानाचा आहे. परंतु माझ्या धंद्यात ज्ञान मिळाले की लगेच कोणीतरी विचारतो, "मिस्त्री, खोट कुणाची?" मराठीत हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. लाकडात खोट असते, ओतीव लोखंडात खोट असते आणि माणसाच्या मनातही खोट असते. 'दोष' या शब्दाचेही तसेच. यंत्राचा दोष आणि माणसाचा दोष यांना आपण एकच नाव दिले, आणि त्यामुळे एक शोधता शोधता दुसरा कधी हाती लागला हे आपल्याला कळतही नाही. कारण शोधणे आणि दोष ठेवणे ही दोन कामे खरोखर एकच आहेत काय? हा प्रश्न मी तत्त्वज्ञानाच्या पुस्तकापेक्षा चेंबर उतरवलेल्या इंजिनाखाली पडून अधिक वेळा स्वतःला विचारला आहे. त्याविषयी जे काही सुचले ते येथे मांडतो.

प्रथम अनुमानाची नीती सांगितली पाहिजे, कारण अनुमानालाही नीती असते. इंजिन उघडणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. हेड उतरवले की गॅस्केट नवे आले, ऑइल-पाणी नवे आले. मजुरी आली, आणि मुख्य म्हणजे गाडीचे दिवस गेले. बहुतेक ट्रक कर्जावर घेतलेले असतात आणि गाडी उभी राहिली म्हणून हप्ता उभा राहत नाही. शिवाय सुस्थितीत बसलेले भाग एकदा सोडवले की ते पुन्हा तसेच बसतील याची हमी नाही. म्हणून उघडण्यापूर्वी बाहेरून जेवढे कळू शकते तेवढे कळून घेणे हे मिस्त्रीचे पहिले कर्तव्य आहे. ऑइल ओतायच्या तोंडाचे झाकण काढून वाफ किती जोराने येते ते पाहावे. रिंगा गेल्या असतील तर जळालेली हवा खाली चेंबरमध्ये उतरते आणि येथून फुसफुसत बाहेर पडते. डिपस्टिकवरचे ऑइल दोन बोटांत चोळावे. दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी मिसळले आहे. पातळ होऊन डिझेलचा वास आला तर डिझेल उतरते आहे. उन्हात धरल्यावर चांदीसारखे कण चमकले तर कुठले तरी बेअरिंग झिजते आहे. जुन्या पद्धतीच्या पंपाचे इंजिन असेल तर ते चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट जरा सैल करावा. त्या सिलिंडरचे डिझेल बंद झाले की इंजिनाचा सूर पडला पाहिजे. ज्याचा नट सैल करूनही सूर पडत नाही तो आधीपासूनच काम करीत नव्हता. आणि ज्याचा नट सैल केल्यावर ठोका थांबतो, त्याच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग सैल झाले आहे. माझे वडील लांब पेचकसाचे टोक ब्लॉकला टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावीत आणि डोळे मिटून उभे राहत. गिऱ्हाइकाला ते ध्यान वाटे; ती वास्तविक मोजणी होती.

घाई काय करते हे पुराने आम्हाला चांगले दाखवले. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले, रस्ता बंद पडला आणि कितीतरी वाहने पाण्यात उभी राहिली. पाणी ओसरल्यावर ज्यांनी "चालू होते का बघू" म्हणून सेल्फ मारला, त्यांच्यापैकी काहींचे कनेक्टिंग रॉड वाकले. कारण हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. ज्यांनी नोझल काढून इंजिन हाताने फिरवले, पाणी बाहेर काढले आणि ऑइल बदलले, त्यांची इंजिने वाचली. पूर दोघांनाही सारखाच लागला होता. पुढचे नुकसान मात्र पाण्याने एकट्याने केले नाही.

अनुमानानंतर प्रत्यक्ष येते. इंजिन उघडले की मोडलेला भाग दिसतो, आणि येथे मोठा धोका असतो. कारण मोडलेला भाग दिसला की शोध संपला असे सर्वांना वाटते. मालकाला वाटते, कारण त्याला खर्चाचा आकडा हवा असतो. मिस्त्रीलाही वाटते, कारण पुढची गाडी दारात उभी असते. समजा बेअरिंग उडाले आहे. नवे बेअरिंग टाकावे, क्रँक ग्राइंड करावा आणि गाडी सोडावी, हा सरळ मार्ग. पण बेअरिंग हा मुळात आधी मरण्यासाठीच बनवलेला भाग आहे. त्याची पाठ पोलादाची असते, तीवर तांबे-शिशाचा थर आणि सर्वांत वर शिसे-कथिलाचा केसाहून पातळ मऊ मुलामा. ऑइलमधून बारीक कचरा आला तर तो या मऊ थरात रुतावा आणि क्रँकला ओरखडा पडू नये अशी योजना असते. मुलामा जाऊन खालचे तांबे लालसर दिसू लागले की समजावे, या गरीब भागाने आपले काम केले आहे. तेव्हा बेअरिंग उडाले म्हणून बेअरिंगला बोल लावणे म्हणजे घराची राखण करताना मेलेल्या कुत्र्यालाच चोर ठरवण्यासारखे आहे. कारण शोधायचे तर बेअरिंगच्या अंगावरच्या खुणा वाचल्या पाहिजेत. सगळीकडे सारखे पुसले गेले असेल तर ऑइल मिळाले नाही. ओरखडे असतील तर कचरा आला. एकाच बाजूला झिजले असेल तर रॉड वाकडा आहे. जो हे वाचत नाही त्याच्याकडे तीच गाडी काही महिन्यांत तोच आजार घेऊन परत येते.

मोडणारे कारण मोडलेल्या भागापासून किती दूर असू शकते याचे मला ठाऊक असलेले सर्वांत नवलाचे उदाहरण लाइनरचे आहे. पुष्कळ ट्रक-इंजिनांत पिस्टन ज्या नळीत चालतो ती नळी, म्हणजे लाइनर, बाहेरून पाण्याने वेढलेली असते. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून खाली वळताना एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर टेकतो, आणि त्या धक्क्याने लाइनर घंटेसारखा थरथरतो. थरथरताना भिंत पाण्यापासून किंचित मागे हटते; त्या क्षणी तेथला दाब पडून पाण्यात वाफेचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात; भिंत परत आली की ते फुटतात, आणि फुटताना पाण्याची सुईसारखी धार लोखंडावर आपटते. एका बुडबुड्याने काय होणार? पण हे सेकंदाला कित्येक वेळा आणि महिनोन् महिने चालते. लाइनर बाहेर काढला की त्याच्या एका अंगाला वरून खाली खड्ड्यांची रांग दिसते, देवीच्या व्रणांसारखी. त्यांतला एखादा खड्डा आरपार जातो. पाण्यात योग्य प्रमाणात कूलंट असेल तर त्यातील द्रव्ये लोखंडावर एक पातळ पापुद्रा धरतात. बुडबुडे तो पापुद्रा फोडतात, तो पुन्हा धरला जातो, आणि लोखंड वाचते. नुसते विहिरीचे किंवा बोअरचे पाणी घातले तर पापुद्राही नाही आणि वर क्षाराचा थर. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून पाणी चेंबरमध्ये उतरते, ऑइल दुधाळ होते, बेअरिंगे पुसली जातात, क्रँक खरचटतो आणि एके दिवशी भर रस्त्यात इंजिन जाम होते. आवाज क्रँकचा येतो, आणि अपराध महिन्यांपूर्वी पाण्याच्या बुडबुड्यांनी केलेला असतो.

पण 'अपराध' हा शब्द मी येथे वापरला तो बरोबर आहे काय? बुडबुडा काही अपराध करीत नाही. मग अपराध कोणाचा? कूलंट न घालणाऱ्याचा? त्याने ते घातले नाही, कारण भाड्यात परवडत नव्हते. भाडे कमी, कारण माल थोडा आणि गाड्या फार. गाड्या फार, कारण कर्ज सहज मिळाले. अशा रीतीने मागे मागे जात राहिले तर आपण लाइनरपासून निघून देशाच्या अर्थव्यवस्थेपर्यंत पोहोचतो, आणि तेथे पोहोचल्यावर कोणाचीच खोट उरत नाही. आमच्याकडे पुष्कळांना हा प्रवास आवडतो. त्याच्या शेवटी प्रारब्ध उभे असते, आणि प्रारब्धाच्या नावे बिल फाडता येत नाही. उलट काहीजण पहिल्याच मुक्कामावर उतरतात. ज्याच्या हातात स्टिअरिंग होते त्याची खोट. हे दोन्ही प्रकार मला सारखेच आळशी वाटतात. एक जण सर्वांना सोडून देतो, दुसरा समोर सापडेल त्याला धरतो, आणि शोध दोघांनाही नको असतो.

२०११ सालच्या उन्हाळ्यातले एक इंजिन या संदर्भात सांगण्याजोगे आहे. भिवंडीहून सूत भरून इचलकरंजीला येणारा ट्रक खंबाटकीच्या चढावर तापला, घाट उतरल्यावर ठोके देऊ लागला आणि साताऱ्याच्या अलीकडे जाम झाला. ओढून माझ्याकडे आणला. मालक आणि ड्रायव्हर दोघेही हजर होते. मालकाच्या आणखी तीन गाड्या माझ्याकडेच येत. ड्रायव्हर पन्नाशीचा, कमी बोलणारा.

चेंबरचा बोल्ट सैल करताच आधी पाणी आले, मग दुधाळ ऑइल. चौथ्या आणि पाचव्या रॉडची बेअरिंगे पुसली गेली होती, क्रँक खरचटला होता. चेंबर उतरवून आम्ही रेडिएटरमधून पाण्याला दाब दिला आणि खाली बॅटरी धरून बसलो. पाचव्या लाइनरच्या आतल्या अंगाने थेंब उतरू लागला. बाहेरच्या अंगाने उतरला असता तर लाइनरचे रबर गेले असे म्हटले असते. आतून उतरतो आहे म्हणजे पाणी वरून तरी येते किंवा भिंतीतून तरी. हेड उतरवले, लाइनर ओढला. खड्ड्यांची रांग आणि तीत एक भोक. ब्लॉकमध्ये बोटभर क्षार साचला होता. कूलंट कित्येक वर्षांत घातले गेले नसावे.

मालक म्हणाला, "मिस्त्री, ह्यानं ऑइल-पाणी बघितलंच न्हाई. तुम्ही बिलावर तेवढं लिहून द्या, ड्रायव्हरच्या निष्काळजीपणानं इंजिन गेलं म्हणून. पगारातनं वळतं करून घेतो." बिल लाखाच्या घरात जाणार होते. ड्रायव्हरची ती वर्षभराची कमाई.

अशा वेळी मिस्त्रीच्या शब्दाला एक विलक्षण वजन येते. भोक मी पाहिले. मालकाला ते दाखवले तरी त्याचा अर्थ त्याला मीच सांगायचा. नैयायिकांनी अनुमान आणि प्रत्यक्ष यांच्या जोडीला शब्द हेही प्रमाण मानले आहे, पण कोणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा शब्द. आप्त म्हणजे ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू केले आहे. तेव्हा ते ऑइलने माखलेल्या मिस्त्रीलाही लागू होण्यास हरकत नसावी. यातला पहिला भाग, म्हणजे जाणणे, अनुभवाने जमतो. दुसरा भाग प्रत्येक वेळी नव्याने जमवावा लागतो.

मी मालकाला सांगितले की लाइनर बाहेरून खाल्ला गेला आहे, साध्या पाण्याने, आणि ही गोष्ट काही महिन्यांपूर्वी सुरू झाली आहे. ड्रायव्हरच्या बसण्याच्या जागेवरून ती दिसणे शक्य नव्हते. लाइनर, बेअरिंगे आणि क्रँक यांचा खर्च तिच्या खाती जातो.

ड्रायव्हरचा चेहरा सैल झाला. पण इंजिन आणखीही काही सांगत होते. हेडची बैठक वाकली होती आणि दोन पिस्टनांचे अंग चोहोबाजूंनी खरवडले होते. ही खूण बेअरिंगची नव्हे, भयंकर तापूनही चालवत राहिलेल्या इंजिनाची आहे. काटा तांबड्यात गेल्यावर गाडी उभी राहिली असती तर क्रँक कदाचित वाचला नसता, पण हेड आणि ते दोन पिस्टन वाचले असते. तेही मी सांगितले.

ड्रायव्हर म्हणाला, "गेल्ता तांबड्यात. खोटं कशाला बोलू? पर घाटात लावू कुठं? माल सकाळच्याला पोचला न्हाई की भाड्यातनं कापत्यात, आन् ते माझ्याच अंगावर येतंय. पाणी कमी हुतंय म्हणून मी म्हैन्यामागंच सांगितलं हुतं मालकास्नी. टाकत ऱ्हा म्हणाले."

मालक काही बोलला नाही. मी त्याला एवढेच विचारले, की काटा चढल्यावर गाडी उभी केली आणि खेप उशिरा पोचली तर ते नुकसान कोणी सोसायचे, हे कधी ठरले होते काय? ते ठरलेले नव्हते. अशा गोष्टी कोठेच ठरलेल्या नसतात.

संध्याकाळी माझ्या हाताखालचा पोरगा मला म्हणाला, "दुसरं कशाला सांगितलंसा? गरिबाचं पोट हाय." त्याच्या प्रश्नात चांगुलपणा होता आणि मी त्याला उडवून लावले नाही. दुसरी गोष्ट गाळली असती तर पहिली गोष्ट साक्ष राहिली नसती, ती मेहेरबानी झाली असती. मालकाला ते कळले असते, आणि पुढच्या वेळी ज्याची खरोखरच काही चूक नाही अशा ड्रायव्हरच्या बाजूने मी बोललो असतो तरी त्या बोलण्याला किंमत राहिली नसती. दुबळ्या माणसाला खऱ्या शब्दाची गरज बलवानापेक्षा जास्त असते; बलवानाचे त्याच्यावाचूनही भागते. पण एवढ्याने पोराचा प्रश्न संपत नाही, हेही मला कबूल आहे.

तो संपत नाही, कारण ड्रायव्हरने गाडी चालवत ठेवली हे पिस्टन खरवडण्याचे कारण होते यात शंका नाही. प्रश्न आहे तो, ते कारण होते म्हणून तो दोषी होता काय, हा. मला वाटते, कारण आणि दोष यांतला फरक येथे स्वच्छ दिसतो. कारण होण्यासाठी नुसते साखळीत असावे लागते. बुडबुडा, क्षार, चढ आणि ऊन ही सारी कारणेच आहेत. दोषी होण्यासाठी आणखी एक अट लागते. ज्याच्यावर दोष ठेवायचा त्याला वेगळे वागता येण्याची मोकळीक होती काय? धुराला जसे ओले सरपण, तशी दोषाला ही मोकळीक. तीच त्याची उपाधी. अग्नी पाहून धूर आहेच असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच कारण पाहून दोष आहेच असे म्हणणे चुकीचे. ड्रायव्हरला मोकळीक अगदीच नव्हती असे नाही. घाट संपल्यावर कडेला जागा होती. पण ती थोडी होती, आणि थोडी कोणी ठेवली हे विचारल्यावाचून त्याचा दोष मोजता येत नाही. मालकाला मोकळीक अधिक होती. पाणी कमी होते आहे हे त्याला महिनाभर आधी कळले होते. जितकी मोकळीक तितकाच दोष, ही मोजपट्टी मायक्रोमीटरइतकी अचूक नाही, परंतु दुसरी कोणती मला सापडलेली नाही.

आणि साखळीत मागे कोठपर्यंत जायचे? यालाही गॅरेजमध्ये एक व्यावहारिक उत्तर मिळते. जेथे पोहोचल्यावर काही बदलता येईल तेथपर्यंत जावे. बेअरिंगवर थांबलो तर गाडी परत येईल. अर्थव्यवस्थेपर्यंत गेलो तर ती दुरुस्त करण्याचा पाना माझ्याकडे नाही. रेडिएटरच्या पाण्यापर्यंत आणि काटा तांबड्यात गेल्यावरच्या नियमापर्यंत गेलो तर दोन्ही बदलता येतात. मालकाने क्रँक-लाइनरचा खर्च स्वतः सोसला. हेड आणि पिस्टनच्या खर्चातला निम्मा ड्रायव्हरकडून हप्त्याने घेतला. ड्रायव्हर त्या दिवाळीनंतर दुसऱ्या ट्रान्सपोर्टला गेला. मालकाच्या चारांपैकी दोन गाड्या माझ्याकडे यायच्या बंद झाल्या. उरलेल्या दोन पुढे काही वर्षे येत राहिल्या, आणि त्यांच्या रेडिएटरमध्ये हिरवे पाणी असे. न्याय झाला असे मी म्हणणार नाही. पण त्या दोन गाड्यांचे लाइनर वाचले.

कारण सापडले नाही की दोषाला किती मोकळे रान मिळते याचे उदाहरण या इंजिनाच्या जनकाच्याच आयुष्यात आहे. रुडॉल्फ डीझेलने १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखवले. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' नावाच्या बोटीवरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात एक प्रेत आढळले आणि त्याच्याजवळच्या वस्तू घरच्यांनी ओळखल्या. त्या वेळी तो कर्जात बुडालेला होता. आत्महत्या म्हणावी तर तसे सांगणारे बरेच आहेत. खून म्हणावा तर कोळशाच्या व्यापाऱ्यांपासून सरकारांपर्यंत अनेकांची नावे घेतली गेली. शंभराहून अधिक वर्षे झाली, नक्की काही ठरले नाही. इंजिन मिळालेच नाही. नुसता धूर पाहून जो तो आपापल्या आवडीचा अग्नी सांगत राहिला.

अलीकडे माझ्या धंद्यात धूरही दिसेनासा झाला आहे. एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा नियम आले. नव्या गाड्यांत काजळी सायलेन्सरच्या वाटेवरच्या गाळणीत अडवली जाते. शहरातल्या मुलांच्या फुप्फुसांसाठी हे उत्तमच झाले, पण माझा सर्वांत जुना साक्षीदार गेला. नोझलचा नट सैल करून सूर ऐकण्याची पद्धतही या इंजिनांत चालत नाही. त्यांच्या पाइपांतला दाब हजार बारच्या वर जातो आणि ती धार माणसाच्या कातडीतून आत शिरेल. आता स्कॅनर जोडायचा आणि पडद्यावर आलेला कोड वाचायचा. नवी मुले कोड वाचतात, तो भाग बदलतात, आणि गाडी परत आली की गोंधळतात. कोड म्हणजे निकाल नव्हे. एखाद्या सेन्सरला दाब कमी दिसला, एवढेच तो सांगतो. दाब खरोखर कमी आहे, की वायर खरचटली आहे, की फिल्टर चोंदला आहे, हे त्याला ठाऊक नसते. तोही एक धूरच आहे, फक्त त्याला आकडा दिला आहे. आकड्याला माणूस धुरापेक्षा लवकर भुलतो, हा मात्र नवा धोका आहे. आता काही मालकांना गाडी कोणत्या मिनिटाला किती तापली, ड्रायव्हरने ब्रेक केव्हा मारला, हे घरबसल्या कळते. त्या आकड्यांत साखळीतले एकच टोक असते, स्टिअरिंगवरचे. पाण्याविषयी महिन्यापूर्वी कोण काय म्हणाले आणि त्याला काय उत्तर मिळाले, ते कोणत्याच सेन्सरमध्ये नोंदले जात नाही.

इंजिन दुरुस्त झाले की ते पुन्हा बंद होते. लाइनर, बेअरिंगे, त्यांच्या बोल्टांना दिलेला ताण, सारे झाकले जाते. बाहेरून चांगले काम आणि वाईट काम सारखेच दिसते. मी आत काय पाहिले आणि काय केले याला त्यानंतर माझ्या शब्दावाचून दुसरा पुरावा उरत नाही. वैद्य, हिशेबनीस, शिक्षक, न्यायाधीश, अशा पुष्कळांची स्थिती थोड्याफार फरकाने हीच असेल. त्यांच्यासमोरही कोणीतरी उभा राहून एका ओळीचे उत्तर मागत असेल, आणि ती ओळ बहुधा ज्याला ओरडता येत नाही त्याच्या विरुद्ध जाणारी असेल. अशा वेळी आपण पाहिलेल्या सर्व गोष्टी, दोन्ही बाजूंना बोचणाऱ्यासुद्धा, पाहिल्या त्या क्रमाने सांगाव्यात आणि त्यांतली प्रत्येक गोष्ट बदलणे कोणाच्या हाती होते तेही सांगावे. माझ्या गॅरेजच्या बिलावर आता खर्चाच्या यादीखाली दोन रकाने असतात. एकात बिघाडाचे कारण लिहितो, दुसऱ्यात पुढे कोणी काय करावे ते. खोट कोणाची, यासाठी रकाना ठेवलेला नाही. पहिले दोन नीट भरले की तिसरा प्रश्न विचारणाऱ्याला आपले उत्तर त्यांतच वाचता येते, आणि पुष्कळदा ते वाचून झाल्यावर तो काही न बोलता पैसे मोजतो.